मच्छिंद्र गात नाही, वाजवतो

सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक लाकडी खोकं होतं. त्यात जुन्या रेकॉर्ड होत्या. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चुलत भावंडं माळ्यावर चढायचो. त्यातल्या काही रेकॉर्ड आम्ही गच्चीवरून समोरच्या पत्र्यावर भिरकावल्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्या प्लास्टिकच्या असतील आणि उडत जातील असं वाटलं होतं. त्या काचेसारख्या फुटल्या. खाली तुकडे गोळा करताना आजी आली, मला धपाटा घातला आणि म्हणाली, "त्यात मच्छिंद्राची रेकॉर्ड होती रे मेल्या."

तेव्हा मला मच्छिंद्र कोण हेही माहीत नव्हतं. धपाटा मात्र लक्षात राहिला.

मागच्या वर्षी घर पाडून नवीन बांधायचं ठरलं. भावकीत वाटण्या झाल्या, कपाटं निघाली, तांब्याचे हंडे निघाले. शेवटी माळा निघाला. काकांनी फोन केला, "ते रेकॉर्डचं खोकं काय करायचं बे? एक माणूस आलाय बघायला. सगळं मिळून पैसे देतो म्हणतो. रविवारी नेणार हाय." मी हिंजवडीत बसून बिल्ड का फेल होतंय ते बघत होतो. का कोण जाणे, मला तो धपाटा आठवला. मी म्हटलं, "काका, रविवारपर्यंत थांबवा. मी येतो."

हा लेख त्या चार दिवसांतून निघाला. म्हणजे सुरुवात तिथे झाली, पुढे मी सहा महिने त्यातच अडकलो. मच्छिंद्राची रेकॉर्ड म्हणजे काय, ती खरंच असू शकते का, आणि ती मी फोडली का, एवढेच प्रश्न होते.

स्त्रियांचं राज्य आणि एक चित्ता

आजीकडून पहिला धागा मिळाला. पणजोबा जुन्या गिरणीत कामाला होते. जुनी गिरणी म्हणजे १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. तरुणपणी त्यांनी 'माया मच्छिंद्र' नावाचा बोलपट पाहिला आणि पुढे आयुष्यभर त्याच्याबद्दल बोलत राहिले. आजी या घरात सून म्हणून आली १९५६ साली. म्हणजे बोलपट येऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि सासरे तरीही त्यातल्या राणीच्या चित्त्याची गोष्ट सांगत होते.

चित्ता खरा होता. 'माया मच्छिंद्र' हा प्रभात फिल्म कंपनीचा १९३२ सालचा चित्रपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम. राणी किलोतलेच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या आणि त्यांच्या सोबतीला एक पाळीव चित्ता होता. मच्छिंद्रनाथ झाले होते गोविंदराव टेंबे, आणि गोरखनाथ झाले होते मास्टर विनायक, ज्यांनी पुढे 'ब्रह्मचारी' दिग्दर्शित केला.

गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत असलेली. श्रावणात ज्यांच्या घरी नवनाथांची पोथी लागते त्यांना वेगळी सांगायला नको. मालूकवीच्या 'नवनाथ भक्तिसारा'चे चाळीस अध्याय आहेत आणि ती पोथी १८१९ सालची. त्यात गुरू मच्छिंद्र स्त्रियांच्या राज्यात जातो, जिथे पुरुषाला मज्जाव आहे. तिथल्या राणीसोबत तो संसारात रमतो. शिष्य गोरख त्याला परत आणायला निघतो. आत शिरायला तो नाचणारीच्या ताफ्यात सामील होतो आणि मृदंगाच्या बोलांतून गुरूला हाक मारतो. प्रभातने मणिशंकर त्रिवेदींच्या 'सिद्धसंसार' या नाटकाचा आधार घेतला आणि सगळा भर 'माया' या शब्दावर ठेवला. गुरू खरंच मोहात पडला, की शिष्याला शिकवण्यासाठी त्याने हा सगळा खेळ मांडला? पडद्यावरचं राज्य हे मच्छिंद्राने उभं केलेलं, आणि ते राज्य दाखवणारा चित्रपट हा शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी उभा केलेला. अशा दोन माया एकात एक बसवलेल्या.

फँटसी हा शब्द त्या काळी मराठीत कुणी वापरत नव्हतं, पण चीज तीच होती. आणि एकट्या प्रभातकडेच होती असंही नाही. त्याच १९३२ साली कलकत्त्याच्या मादन थिएटर्सने 'इंद्रसभा' काढला. अमानतच्या एकोणिसाव्या शतकातल्या उर्दू नाटकावरून, पऱ्या आणि राजपुत्रांची गोष्ट. त्यात सत्तरच्या आसपास गाणी होती. बोलपट नवा होता. लोकांना पडदा बोलतो याचंच अप्रूप होतं, आणि पडदा गातो याचं त्याहून जास्त.

पणजोबांच्या वयाच्या गिरणी कामगाराला १९३२ साली हे बघताना काय वाटलं असेल, याचा मी बराच विचार केला. दोनच वर्षांपूर्वी, मे १९३० मध्ये, सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. गावाने एवढं सगळं पाहिल्यावर, दिवसभर भोंग्याच्या तालावर काम करून, कुणी अंधारात बसून एका मायावी राज्यात तीन तास गेला असेल, तर तो ते विसरेल कसा?

जो मच्छिंद्र झाला, तो मुळात पेटीवाला

गोविंदराव टेंबे हे नाव आज माझ्या वयाच्या किती जणांना माहीत असेल, शंका आहे. मलाही नव्हतं. जन्म १८८१ चा, कोल्हापूरकडचा. त्या काळात हार्मोनियम म्हटलं की जी दोनचार नावं निघत, त्यात हे पहिल्या रांगेत. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला ते बसत. १९११ साली किर्लोस्कर नाटक मंडळीचं 'संगीत मानापमान' रंगभूमीवर आलं, त्याच्या चाली टेंब्यांच्या. १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे त्यातून बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी काढली. लिहायचेही. 'माझा संगीत व्यासंग' हे त्यांचं पुस्तक आजही वाचायला मजा येते.

असा माणूस १९३२ साली, पन्नाशी ओलांडल्यावर, कोल्हापुरात प्रभातच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. ६ फेब्रुवारी १९३२ ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'अयोध्येचा राजा' लागला. मराठीतला पहिला बोलपट. त्यात हरिश्चंद्र टेंबे, तारामती दुर्गा खोटे, आणि संगीत पुन्हा टेंब्यांचंच. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'. एकाच वर्षात आधी सत्यवचनी राजा आणि मग मायावी नाथ.

आता गाण्यांकडे येऊ, कारण रेकॉर्डचा सगळा गुंता इथेच आहे.

१९३२ मध्ये पार्श्वगायन नावाची गोष्ट आपल्याकडे नव्हती. ते १९३५ नंतर रुजलं. तोपर्यंत जो पडद्यावर दिसतो तोच गातो, आणि कॅमेरा चालू असतानाच गातो. वाजवणारे चौकटीच्या बाहेर, पडद्याआड नाही तर झाडामागे बसलेले. मायक्रोफोन दिसता कामा नये, आणि गाणाऱ्याने त्यापासून लांबही जाता कामा नये. प्रभातमध्ये ध्वनीची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या रेघांच्या रूपात उमटायचा. त्यात दुरुस्ती नाही. चूक झाली की सगळं पुन्हा.

आणि 'पुन्हा' तर करायचंच असायचं, कारण प्रभातचे हे बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत. सेट तोच, कपडे तेच, पण शॉट दोनदा. गाणं दोनदा. माझ्या भाषेत सांगायचं तर एकाच प्रोजेक्टच्या दोन ब्रँच, आणि मर्ज कधीच होणार नाही.

दुर्गा खोटे गायिका म्हणून तयार झालेल्या नव्हत्या, पण त्यांनाही स्वतःच गावं लागलं. टेंबे मात्र बैठकीतून आणि नाटकातून आलेले. 'माया मच्छिंद्र'ची हिंदी आवृत्ती आज पाहायला मिळते. मी ती फोनवर, रात्री, हेडफोन लावून पाहिली. पहिली दहा मिनिटं हसू येत होतं. सगळे नाटकासारखे उभे, हातवारे मोठे. मग टेंबे गायला लागले आणि मी हसायचं थांबलो. आवाज मोठा नाही, पण कुठलाही स्वर ओढून ताणून आणलेला नाही. पेटी वाजवणाऱ्याचं गाणं असं असतं का, की पुढचा सूर कुठे आहे हे बोटांना आधीच माहीत असतं?

गाणं होतं, पण रेकॉर्ड कुठे?

इथवर आल्यावर मला वाटलं, आता फक्त रेकॉर्डचा नंबर शोधायचा. सोपं काम. सोपं नव्हतं, कारण माझी कल्पनाच चुकीची होती.

आपण असं धरून चालतो की सिनेमा आला म्हणजे त्याची गाणी बाजारात आलीच. आधीच येतात, खरं तर. १९३२ मध्ये सिनेमा आणि रेकॉर्ड हे दोन वेगळे धंदे होते. देशातलं पहिलं बोलपट गाणं 'आलम आरा'मधलं, १९३१ चं. त्याची रेकॉर्ड कधी निघालीच नाही, आणि चित्रपटही आज उरलेला नाही. म्हणजे जे गाणं सगळ्यात पहिलं, तेच आज कुणी ऐकू शकत नाही.

रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा त्याआधी तीस वर्षं चालत होता. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानच्या रेकॉर्ड निघाल्या. १९०८ पासून तिथल्या सियालदहला कारखाना होता, मग तो डमडमला गेला. विकलं जायचं ते ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भजन. बालगंधर्वांची पदं घराघरात पोचली होती. त्यात सिनेमातलं गाणं घेऊन कोण येणार? आणि घ्यायचं म्हटलं तरी फिल्मच्या कडेवरचा आवाज सरळ उचलून तबकडीवर आणायची सोय सहज नव्हती. गाणाऱ्याला कंपनीच्या स्टुडिओत बोलावून, वेगळ्या साजिंद्यांसह, तेच गाणं पुन्हा गाऊन घ्यावं लागे.

पुन्हा, पण तेच नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. पडद्यावर गाणं पाच मिनिटं चाललं असेल तर इथे ते कापायचं. आलाप कमी, एखादं कडवं गाळायचं, लय थोडी वाढवायची. म्हणजे बोलपटातलं गाणं आणि त्याच्या नावाने विकली गेलेली रेकॉर्ड, ही दोन वेगळी गाणी. पुढे सिनेमाचीच गाणी तीन मिनिटांची व्हायला लागली, त्यात या तबकडीचा हात मोठा आहे. आपण ज्याला सिनेमाच्या गाण्याचा स्वभाव म्हणतो, तो काही अंशी एका काळ्या चकतीच्या रुंदीतून आलेला आहे.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. अमेरिकेत 'स्नो व्हाइट'च्या रेकॉर्ड १९३८ मध्ये निघाल्या त्या चित्रपटाच्याच ध्वनिपट्टीवरून केलेल्या, म्हणून त्यांचं आजही कौतुक होतं. त्यानंतर आलेल्या 'विझर्ड ऑफ ऑझ'चं उलट झालं. डेका कंपनीने ज्युडी गार्लंडला घेऊन गाणी नव्याने गाऊन घेतली. पडद्यावरचा खरा आवाज तबकडीवर यायला १९५६ साल उजाडलं. सतरा वर्षं लोक जे 'ऑझ' म्हणून ऐकत होते, ते ऑझमधलं नव्हतंच.

आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांच्या पहिल्या रेकॉर्ड म्हणून बहुतेक वेळा 'माधुरी' या १९३२ च्या चित्रपटाचं नाव घेतलं जातं. त्यात गायले होते विनायकराव पटवर्धन, विष्णु दिगंबरांचे शिष्य आणि गंधर्व मंडळीतले नट. तेही आपलेच. प्रभातची पाळी पुढच्या वर्षी आली. १९३३ मध्ये शांताराम 'सैरंध्री' घेऊन जर्मनीला गेले. तिथे चित्रपटाच्या रंगीत प्रती करून घ्यायच्या होत्या. रंग काही मनासारखे उतरले नाहीत. पण त्याच फेरीत 'सैरंध्री'तली गाणी टेलिफुंकन कंपनीकडून तबकड्यांवर उतरवून घेतली गेली. त्या गाण्यांचे संगीतकारही टेंबेच. कोल्हापुरात गायलेलं गाणं जर्मनीत तबकडी होऊन परत आलं. आजच्या संग्राहकांमध्ये या 'सैरंध्री'च्या रेकॉर्डना मान आहे, तो त्यामुळे.

म्हणजे 'माया मच्छिंद्र' बरोबर उंबरठ्यावर पडतो. गाणी आहेत, गाणारा मोठा आहे, लोकांना वेड लागलंय, आणि सिनेमाच्या रेकॉर्डचा बाजार अजून उभा राहायचा आहे. मग आमच्या घरातली मच्छिंद्राची रेकॉर्ड कुठून आली?

खोक्यातल्या सव्वीस

मी शुक्रवारी रात्री सोलापूरला पोचलो. सकाळी खोकं उघडलं. सव्वीस रेकॉर्ड होत्या. अकरा तडकलेल्या. काही एकमेकींना चिकटलेल्या, कारण मधली कागदी पाकिटं उंदरांनी खाल्ली होती.

काका मदतीला आले ते स्पिरिटची बाटली आणि फडकं घेऊन. मी ओरडलोच. या तबकड्या लाखेच्या असतात. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या दाबून काढत. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. म्हणजे फडकं फिरवलं की धूळही जाईल आणि गाणंही. आपल्याच देशातल्या जंगलांतून गोळा होणारी लाख जगभरच्या रेकॉर्डना पुरत होती, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. काकांना मी ते सांगितलं. काका म्हणाले, "बरं. मग काय लावू? पाणी?" पाणीच. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि मधल्या कागदी लेबलला अजिबात हात लावायचा नाही.

अजून एक गोष्ट मी शिकलो होतो. रेकॉर्डची खरी ओळख लेबलवर नसते. लेबल फाटतं, उडतं, कधी चुकीचंही चिकटवलेलं असतं. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात एक नंबर कोरलेला असतो. त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. कुठल्या कंपनीने, साधारण कधी, कितव्या प्रयत्नात हे ध्वनिमुद्रण केलं ते त्यावरून काढता येतं. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी भारतीय रेकॉर्डच्या अशा याद्या करण्यात आयुष्य घातलं. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. तिच्यामागे किनिअर होते आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर होते. 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्यांचं नियतकालिक. मुंबईत वडाळ्याला 'यंग इंडिया' नावाची एक देशी कंपनी होती, तिच्या रेकॉर्ड चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून डिजिटल करून ठेवल्या. दिवसभर नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात वाकून नंबर वाचत फिरायचं, अशी ही माणसं. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी पैसे देत नाही. ओपन सोर्सवाल्या मंडळींची आठवण झाली.

दुपारपर्यंत मी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पंधरा रेकॉर्ड वाचल्या. नाट्यपदं, एक कीर्तन, दोन कानडी भजनं, एक कव्वाली. सोलापूरच्या घरात असायला हवं ते सगळं. 'माया मच्छिंद्र' कुठेच नाही.

म्हणजे मी फोडलेल्यांतच होती. मी आजीजवळ जाऊन बसलो. ती आता सत्त्याऐंशीची आहे, एका कानाने कमी ऐकते. मी म्हटलं, "आजी, सापडली नाही. मच्छिंद्राची रेकॉर्ड मीच फोडली."

ती म्हणाली, "कुठली?"

"मच्छिंद्राची. गाण्याची."

"गाण्याची न्हवं रे. त्यात मच्छिंद्र गात न्हाई. वाजवतो."

मला आधी वाटलं ती मृदंगाबद्दल बोलतेय, गोरखाच्या. मी तसं विचारलं. ती वैतागली. "पेटी रे, पेटी! मामंजी लावायचे गौरीच्या जेवणाला. म्हणायचे, हा बघा, मच्छिंद्र वाजवलालाय."

मी परत खोक्याकडे गेलो. पेटीवादनाची एक तबकडी मी आधीच बाजूला ठेवली होती, गाणं नाही म्हणून. कडेला केसाएवढा तडा होता. लेबल निम्मं उडालेलं. उरलेल्या अर्ध्यावर नागरी अक्षरं होती, त्यातली शेवटची चार-पाचच वाचता येत होती: '…राव टेंबे'.

बरोबर असलेली चूक

पणजोबा चुकले नव्हते. घरातल्या कुणीच चुकलं नव्हतं. पणजोबांसाठी तो माणूस म्हणजे मच्छिंद्र. सिनेमातल्या गाण्याची रेकॉर्ड मिळाली नसेल, किंवा मिळण्यासारखी नसेलच. मग त्यांनी मच्छिंद्राच्या हातची जी मिळाली ती घेतली. तिला 'मच्छिंद्राची रेकॉर्ड' म्हणाले. पुढच्या पिढीने ते 'माया मच्छिंद्रची रेकॉर्ड' असं ऐकलं. मी ते 'माया मच्छिंद्रमधल्या गाण्याची रेकॉर्ड' असं शोधत बसलो. एक शब्द प्रत्येक पिढीने आपल्या सोयीने वाढवला, आणि मी वाढवलेल्या शब्दांवर सर्च मारत होतो.

आमच्या क्षेत्रात असं नेहमी होतं. डेटा असतो, पण तो ज्या नावाने ठेवला ते नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यातलं असतं. तो माणूस गेला की डेटा असूनही नसल्यासारखा. आमच्याकडे आजी होती, म्हणून एवढं तरी जुळलं.

मी पुण्याहून एक सेकंडहँड टर्नटेबल आणलं होतं, अठ्ठ्याहत्तरचा वेग असलेलं, जाड सुईचं. जुन्या चावीच्या फोनोवर या रेकॉर्ड लावू नयेत. त्याची पोलादी सुई आणि तिचं वजन खाचा खरवडत जातं. दर बाजूला सुई बदलायची असते ती त्यासाठीच. तड्याजवळ सुई उडेल म्हणून मी वजन बेताचं ठेवलं आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

आधी खरखर. तव्यावर कांदा परतल्यासारखी. दर फेरीला तड्याचा एक 'टक'. आणि मग त्या खालून पेटी वर आली. भात्याचा श्वास ऐकू येत होता. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना जो जोड पेटीत मुळात नसतो, तो बोटांनी असल्याचा भास होत होता. तीन मिनिटं. काका दारात उभे होते, काही बोलले नाहीत. आजीच्या चांगल्या कानाला मी हेडफोन लावला. ती मान हलवत राहिली, आणि मधेच म्हणाली, "आवाज लहान झालाय." रेकॉर्डचा की तिच्या कानाचा, ते मी विचारलं नाही.

नंतर कळलं की या तीन मिनिटांचं मोल आणखी एका कारणाने आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. वाद्य परकं आहे, त्यात श्रुती नाहीत, मींड नाही, असं म्हणणं होतं. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल यावं लागलं. टेंबे गेले १९५५ मध्ये. म्हणजे ज्या काळात रेडिओ हेच संगीताचं सगळ्यात मोठं घर झालं, त्या काळात त्यांचं वाद्य त्या घराच्या बाहेर उभं होतं. त्यांची पेटी आज ऐकायची तर अशा तबकड्यांचाच आधार. आणि ज्याच्यात मींड नाही म्हणत होते त्याच्यातून या माणसाने काय काढलं होतं, ते मी तड्याच्या टकटकीतून का होईना, पण ऐकलंय.

सिनेमाचं तरी काय सुरक्षित आहे? प्रभात १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट झाली. तिथल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला जानेवारी २००३ मध्ये आग लागली. प्रभातच्याही मूळ प्रती त्यात होत्या. नायट्रेट जळतं, लाख फुटते, लेबलं उंदीर खातात. उरतं ते कुणीतरी वेळेवर नक्कल करून ठेवलेलं.

रविवार

रविवारी तो माणूस आला. सभ्य होता. रेकॉर्ड हातात घेण्याची पद्धत बघूनच कळलं की नुसता भंगारवाला नाही. कडेने धरायचा, बोटं खाचांना लागू द्यायची नाहीत. त्याने सगळ्या पाहिल्या. टेंब्यांच्या तबकडीवर थांबला, पालथी केली, नंबर वाचला, तड्यावर नख फिरवलं. मग म्हणाला, "तडा नसता तर वेगळी गोष्ट होती." तरीही त्याने बाकी सगळ्यांपेक्षा तिचे जास्त देऊ केले.

काकांनी माझ्याकडे बघितलं. घर बांधायला पैसे लागत होते, ते मला माहीत होतं, आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त. मी म्हणणार होतो की तेवढे पैसे मी देतो. त्याआधी काकाच त्याला म्हणाले, "ती राहू दे. ती घरची हाय."

बाकीच्यांतल्या चौदा तो घेऊन गेला. त्या सगळ्यांचं रेकॉर्डिंग मी शनिवारी रात्री जागून करून ठेवलं होतं. तडकलेल्या त्याने नेल्या नाहीत, त्या माझ्याकडे आहेत. मला अजून एक काम करायचंय. लहानपणी मी फोडलेल्यांचे थोडे तुकडे आजीने एका डब्यात ठेवले होते, आणि तो डबाही माळ्यावर निघाला. त्यातल्या एका तुकड्यावर मॅट्रिक्स नंबरचे तीन आकडे शाबूत आहेत. याद्यांमध्ये मी ते जुळवून बघतोय. अजून जुळलेले नाहीत.

जाता जाता एक सांगतो. 'माया मच्छिंद्र'नंतर चौदा वर्षांनी शांतारामांनी सोलापूरच्याच एका मुलाची गोष्ट पडद्यावर आणली. १९४६ चा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'. द्वारकानाथ कोटनीस सोलापूरचे, १९१० चे, म्हणजे पणजोबांच्याच वयाचे. शांताराम स्वतः कोटनीस झाले. संगीत वसंत देसाईंचं, जे प्रभातमध्ये टेंब्यांच्या काळात पोरसवदा वयात दाखल झाले होते. मी आजीला विचारलं, पणजोबांनी तो पाहिला होता का.

"बघितला की," ती म्हणाली. "पण त्यात चित्ता न्हवता."